पुनर्विकासाचा करारनामा : धुळीचे नियम आणि घरातली उष्णता, दोन्हींची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहून घ्यावी?

ईशान्यवारा

आमची गृहनिर्माण संस्था मुंबईच्या पश्चिम उपनगरात आहे. इमारत १९७०च्या दशकातील, चार मजली, आणि भूखंड सुमारे २२०० चौरस मीटरचा आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील निर्देशांप्रमाणे विकासकाची निवड झाली असून विकास करारनाम्याचा मसुदा सध्या सभासदांसमोर आहे. चटईक्षेत्र, कॉर्पस निधी, पर्यायी जागेचे भाडे, बँक हमी या बाबींवर त्यात पानेच्या पाने आहेत. मात्र बांधकामाची धूळ आणि नव्या इमारतीची ऊर्जाकार्यक्षमता या दोन विषयांवर मिळून एकच वाक्य आहे : ‘विकासक सर्व लागू कायदे, नियम व परवान्यांतील अटींचे पालन करील.’

हे वाक्य पुरेसे नाही, असे मला मनापासून वाटते. आमच्या भिंतीला लागून एक बालवाडी आहे आणि समोरच्या इमारतीत दम्याचे जुने रुग्ण राहतात. आमचे बहुतेक सभासदही जवळपासच्या गल्ल्यांमध्येच भाड्याने राहणार आहेत, म्हणजे धूळ आमच्याच माणसांच्या छातीत जाणार आहे. शिवाय पुढची पन्नास वर्षे ज्या भिंतींत राहायचे, त्या दुपारी किती तापतील हेही आत्ताच ठरणार आहे. महापालिकेचे नियम नेमके काय मागतात, ऊर्जा संवर्धनाच्या संहितेतले आपल्याला काय लागू होते आणि करारनाम्यात कोणत्या गोष्टी शब्दांत यायला हव्यात, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कडाप्पा

मी बांधकामस्थळांवर अभियंता म्हणून काम करतो, म्हणून आधी धुळीबद्दल लिहितो.

देशपातळीवर २०१८च्या जानेवारीत पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती होऊन बांधकाम आणि पाडकामातील धूळ रोखण्याचे उपाय बंधनकारक झाले. उघड्यावर दगड किंवा फरशी कापण्यास आणि घासण्यास बंदी, वाळू, माती, राडारोडा झाकून ठेवणे आणि पाणी फवारण्याची व्यवस्था करणे या गोष्टी तेव्हापासून कायद्यात आहेत. मुंबईत त्याला खरी धार आली ती २०२३च्या ऑक्टोबरमध्ये, महापालिकेने २७ मुद्द्यांची मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली.

तुमच्या भूखंडासाठी त्यातली पहिली गोष्ट पत्र्यांच्या कुंपणाची. एक एकरापेक्षा लहान भूखंडाला २५ फूट उंचीचे पत्रे चालतात, मोठ्याला ३५ फूट लागतात. तुमचा भूखंड साधारण अर्ध्या एकराचा आहे, म्हणून विकासक २५ फूट धरून चालेल. पण नवी इमारत ७० मीटरच्या वर जाणार असेल, तर भूखंड लहान असूनही ३५ फूटच लागतात. मसुद्यात इमारतीची उंची काय लिहिली आहे ते पाहा. बावीस-तेवीस मजल्यांच्या आसपास हा आकडा ओलांडला जातो.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो : बांधकाम चालू असलेल्या इमारतीला सर्व बाजूंनी हिरवे कापड, गोणपाट किंवा ताडपत्री, माल उतरवताना पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाके धुण्याची सोय, झाकलेले आणि मर्यादेत भरलेले डंपर, कामगारांना मुखपट्टी आणि चष्मा, सीसीटीव्ही आणि हवेचे प्रदूषण मोजणारे संवेदक.

आता ज्या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्याबद्दल, म्हणजे पाडकामाबद्दल. इमारत रिकामी झाली की वीज, गॅस आणि पाण्याच्या जोडण्या आधी तोडल्या जातात, आणि मग पाडकाम सुरू होते. म्हणजे सर्वाधिक धूळ उडण्याच्या दिवसांत जागेवर पाणीच नसते. पाडणाऱ्या ठेकेदाराचा मोबदला बहुधा भंगारातून वळता होतो, त्यामुळे टँकरचा खर्च त्याला नको असतो, आणि मुख्य ठेकेदार तर अजून नेमलेलाही नसतो. त्यामुळे पाडकामाच्या काळात पिण्यायोग्य नसलेल्या पाण्याचे टँकर कोण आणणार, रोज किमान किती आणणार आणि पाणी नसेल त्या दिवशी काम बंद राहील, हे करारनाम्यातच लिहा. वरपासून खालपर्यंत कापड आणि सतत फवारा ही महापालिकेची अट आहेच, फक्त ती पाळणारा माणूस कागदावर असायला हवा.

दुसरे म्हणजे तुमच्या काळातील इमारतींच्या गच्चीवर किंवा वाहनतळावर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतात. ते फोडून खाली टाकू देऊ नका. ओले करून, बोल्ट काढून अखंड उतरवायचे, वेगळे ठेवायचे आणि राडारोड्यात मिसळायचे नाहीत. त्याचे तंतू एकदा फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत.

तिसरे, कामगारांच्या वस्तीवर लाकडाच्या चुली पेटणार नाहीत, त्यांना गॅस मिळेल, अशी अट घाला. फळ्यांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या जाळून शिजवलेल्या अन्नाचा धूर पहिल्यांदा वस्तीतल्या बायका आणि त्यांची मुले घेतात.

दस्तऐवज

संस्थांच्या करारनाम्यांचे काम मी करते. कडाप्पा यांनी लिहिलेले सगळे परवान्याच्या अटींत कुठे ना कुठे असतेच, त्यामुळे ‘ते पुन्हा करारात कशाला?’ असे विकासकाचे वकील विचारतील. त्याचे उत्तर तयार ठेवा.

परवान्याची अट मोडली तर महापालिका विकासकाला नोटीस देते आणि काम थांबवते. काम थांबले की इमारत लांबते, भाड्याचा काळ लांबतो, आणि तो लांबलेला काळ कोणाच्या खात्यावर जमा होणार हे फक्त करारनामा ठरवतो. बहुतेक मसुद्यांत ‘अपरिहार्य परिस्थिती’चे एक कलम असते, आणि त्यात ‘कोणत्याही सक्षम प्राधिकरणाचा काम थांबवण्याचा आदेश’ हे शब्द नकळत घातलेले असतात. याचा परिणाम असा की विकासकाने कापड लावले नाही, फवारा मारला नाही, म्हणून महापालिकेने काम बंद केले, तरी तो काळ मुदतीतून वगळला जातो आणि भाडे वाढवून मागण्याचा किंवा विलंबाची भरपाई मागण्याचा तुमचा हक्क जातो.

येथे दोन वेगळ्या परिस्थिती वेगळ्या शब्दांत लिहाव्या लागतात. २०२४च्या डिसेंबरअखेर महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व येथील बांधकामे हवेचा दर्जा घसरल्यामुळे थांबवली होती. तो संपूर्ण विभागाला लागू झालेला आदेश होता, आणि नियम पाळणाऱ्याचेही काम त्यात थांबले. अशा आदेशासाठी विकासकाला मुदतवाढ देणे न्याय्य आहे, मात्र भाडे चालूच राहील असे स्पष्ट लिहावे. याउलट त्या एकाच बांधकामस्थळाच्या त्रुटीमुळे आलेली नोटीस अपरिहार्य परिस्थितीत कधीच बसू देऊ नये. तो काळ पूर्णपणे विकासकाचा. एवढा एक भेद लिहिला, तर २५ फुटांचा पत्रा आणि चाके धुण्याचा हौद ही विकासकाच्या स्वतःच्या हिताची गोष्ट होते. नुसत्या सद्भावनेवर मी कोणत्याही संस्थेला विसंबून राहायला सांगत नाही.

सूक्ष्मकण

संवेदकांविषयी थोडे लिहितो, कारण हवा मोजणे हाच माझा व्यवसाय आहे.

बांधकामस्थळांवर बसवली जाणारी स्वस्त यंत्रे कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. मुंबईच्या दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते. दुसरीकडे, बांधकामाची जाड धूळ याच यंत्रांना नीट पकडता येत नाही. त्यामुळे एकाच यंत्राच्या एका आकड्यावर भांडण उभे केले तर ते टिकत नाही. उपाय असा की काम सुरू होण्यापूर्वी काही आठवडे आधी यंत्रे बसवून मूळ पातळी नोंदवावी, मान्यताप्राप्त केंद्राशेजारी ठेवून ती जुळवून घ्यावीत, आणि किमान दोन यंत्रे ठेवावीत : एक वारा येतो त्या बाजूला, दुसरे वारा जातो त्या बाजूला. दोन्हींमधला फरक हा त्या जागेचा स्वतःचा वाटा. मुंबईत दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वारा येतो, म्हणून बाजू दिवसातून बदलते, हे नोंद ठेवणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

मर्यादांबाबतही एक गैरसमज दूर करतो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट) २००च्या आत म्हणजे हवा चांगली, असे सर्रास मानले जाते. राष्ट्रीय मानकाप्रमाणे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची सरासरी एका घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, आणि २.५ मायक्रॉनच्या कणांची ६०. निर्देशांकाची ‘मध्यम’ श्रेणी १०१ ते २००. तिच्या वरच्या टोकाला १० मायक्रॉनच्या कणांची पातळी २५०पर्यंत गेलेली असते, म्हणजे मानकाच्या अडीच पट. बालवाडी शेजारी असताना २००ची वाट पाहू नये. कृतीची पातळी करारात मानकाच्या आकड्यावर ठेवावी, आणि ती ओलांडली की फवारे वाढवणे, कापण्याची कामे थांबवणे अशी पायरी ठरवून द्यावी.

सावलीघर

मी वास्तुविशारद आहे. ऊर्जेच्या बाजूने लिहिते, आणि थोडे लांब लिहिणार आहे, कारण या भागाकडे संस्था जवळजवळ कधीच पाहत नाहीत.

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१चा. त्याखालील इमारत संहिता प्रथम २००७मध्ये आणि सुधारून २०१७मध्ये आली, ती व्यापारी इमारतींसाठी, म्हणजे विजेचा किमान १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या. २०२२च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कक्षेत आणण्याची तरतूद झाली. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८पासून उपलब्ध आहे. या संहिता राज्याने आणि स्थानिक नियमावलीने स्वीकारल्या की बांधकाम परवान्याशी जोडल्या जातात. पण तुम्हाला त्याची वाट पाहण्याची गरज नाही. करारनाम्याच्या तांत्रिक परिशिष्टात ‘इमारतीचे बाह्यावरण इको निवास संहितेच्या मर्यादांत असेल आणि तसा गणनेचा तक्ता नकाशांबरोबर संस्थेला दिला जाईल’ हे एक वाक्य घातले (बाह्यावरण म्हणजे बाहेरच्या भिंती, खिडक्या आणि छत), की ती संहिता तुमच्यापुरती बंधनकारक होते.

ती संहिता मागते काय? भिंती आणि खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नसावी. छताचा उष्णतावहन गुणांक, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज आत येते याचा आकडा, १.२पेक्षा जास्त नसावा. आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात खिडक्यांचा प्रत्यक्ष उघडणारा भाग घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावा.

शेवटचा मुद्दा उदाहरणाने पाहा. साठ चौरस मीटरच्या घराला दहा चौरस मीटर उघडणारी जागा हवी. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणजे त्यासाठी वीस चौरस मीटर खिडकी लागेल. तीन पट्ट्यांची दोन तृतीयांश उघडते, तिला पंधरा चौरस मीटर लागतील. बिजागऱ्यांची, पूर्ण उघडणारी खिडकी जवळजवळ नव्वद टक्के उघडते, म्हणून अकरा-बारा चौरस मीटरमध्ये काम भागते. विकासकाच्या नमुना सदनिकेत सुंदर दिसणारी मोठी काच बहुतेकदा अर्धी कायमची बंद असते. जास्त काच म्हणजे जास्त वारा नव्हे. उलट छज्ज्याविना पश्चिमेची मोठी काच मे महिन्यात दुपारी खोली राहण्याजोगी ठेवत नाही, आणि मग वातानुकूलन यंत्राशिवाय मार्ग उरत नाही.

भिंतींबाबत मला विशेष काळजी वाटते. हल्ली उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला सगळे मायवान म्हणतात, ओतल्या जातात. बाहेरच्या भिंतीसुद्धा सुमारे १६० मिलीमीटर जाडीच्या भरीव काँक्रीटच्या होतात. अशा भिंतीचा उष्णतावहन गुणांक ढोबळमानाने ३.५च्या पुढे जातो. तुमच्या जुन्या इमारतीच्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा तो दोनच्या आसपास असतो, आणि २०० मिलीमीटरच्या एएसी, म्हणजे हवेच्या पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, ठोकळ्यांच्या गिलावा केलेल्या भिंतीचा एकच्याही खाली. म्हणजे नव्या घरात गेल्यावर भिंतीतून येणारी उष्णता जुन्या घरापेक्षा वाढू शकते. भरीव काँक्रीटच्या भिंतींत संहितेची १५ वॅटची बहुतेक मर्यादा भिंतीतच संपते, आणि खिडक्यांसाठी काही उरत नाही.

ईशान्यवारा

सर्वांचे मनापासून आभार. सावलीघर यांच्या शेवटच्या मुद्द्याने मी अस्वस्थ झालो आहे, कारण आमच्या विकासकाने मायवान पद्धतच प्रस्तावित केली आहे आणि तिच्या बाजूने त्याने हेच कारण दिले आहे की तिच्यात धूळ कमी होते. विटा कापणे नाही, आतून जाड गिलावा नाही, भिंती फोडून नळ्या बसवणे नाही. हे खरे असेल, तर हवेचा नियम एका बाजूला ओढतो आणि ऊर्जेचा दुसऱ्या, असे होते. यात संस्थेने काय निवडावे?

कडाप्पा

विकासकाचे म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. साच्यातल्या काँक्रीटला तुकडे कापावे लागत नाहीत, विजेच्या नळ्या ओतण्यापूर्वीच आत बसवल्या जातात, आणि त्यामुळे मजल्यांवरची धूळ खूप कमी होते. कामही लवकर पुढे सरकते. पण बांधकामस्थळाच्या एकूण धुळीत पाडकाम, खोदाई, मातीची वाहतूक आणि रस्त्यावर चाकांनी आणलेला चिखल वाळून उडणे यांचा वाटा फार मोठा असतो, आणि भिंत कशाची आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. एएसी ठोकळ्यांची धूळ आवरता येते : ठोकळे जागेवर मापाने मागवायचे, करवतीने एका बंदिस्त खोलीत कापायचे, आणि नळ्यांसाठी खाचा पाडताना धूळ ओढून घेणारे यंत्र जोडायचे. ही शिस्त आहे, खर्चिक तंत्रज्ञान नाही.

सावलीघर

मी याला दुजोरा देते आणि मधला मार्ग सांगते. सांगाडा आणि आतल्या भिंती साच्यात ओतून फक्त बाहेरच्या भिंती एएसी ठोकळ्यांच्या ठेवता येतात. मुंबईत अशी मिश्र पद्धत वापरली जाते. विकासक संरचनेच्या कारणाने ते नाकारत असेल, तर निदान पश्चिम आणि दक्षिण भिंतींना उष्णतारोधक थर आणि प्रत्येक खिडकीला पुरेसा छज्जा मागा. धूळ काही वर्षांची असते आणि ती कापडाने, पाण्याने, देखरेखीने आटोक्यात येते. भिंत मात्र एकदा ओतली की ती इमारत उभी असेपर्यंत तशीच तापणार आहे. म्हणून दोहोंत निवड करावी लागली, तर मी भिंतीवर तडजोड करणार नाही, आणि धुळीवरचा खर्च विकासकाकडून वेगळा वसूल करून घेईन.

गच्ची

आमच्या संस्थेचा पुनर्विकास नाही, फक्त मोठी दुरुस्ती आहे : बाहेरचा सैल गिलावा काढून पुन्हा करणे आणि गच्चीचे जलरोधन. एवढ्या कामाला हे सगळे लागू होते का? आमचे ठेकेदार म्हणतात की दुरुस्तीला परवाना नसतो, म्हणून नियमही नाहीत.

कडाप्पा

तसे नाही. २०१८चे धूळ-नियंत्रण नियम बांधकाम व पाडकामाच्या कृतीला लागू आहेत, नुसत्या नव्या इमारतीला नाहीत, आणि राडारोडा व्यवस्थापनाचे नियम पुनर्बांधणी आणि दुरुस्तीतून निघणाऱ्या मलब्यालाही धरतात. परांचीला बांधून जाळी लावा, फोडण्यापूर्वी गिलावा ओला करा, राडारोडा वरून फेकू न देता बंद नळीतून खाली आणा. तो रस्त्याकडेला न टाकता महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेकडे द्या, म्हणजे तो दहिसर किंवा शिळफाट्याजवळच्या प्रक्रिया केंद्रात जाईल. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या प्रत्येक गोणीची धूळ वाहनांच्या चाकांखाली महिनाभर उडत राहते.

सावलीघर

आणि गच्चीचे जलरोधन करणार असाल तर ही संधी दवडू नका. वीटतुकड्यांच्या कोब्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवण्याची आपली जुनी पद्धत उन्हाचा मोठा भाग परत पाठवते. व्यापारी इमारतींच्या संहितेत सपाट छताची परावर्तकता सुरुवातीला किमान ०.६० असावी अशी अपेक्षा आहे, आणि पांढरा पृष्ठभाग तिथे सहज पोचतो. पण शेजारी बांधकाम चालू असेल, तर त्याची धूळ त्या पांढऱ्या गच्चीवर आणि सौर पट्ट्यांवर बसते आणि दोन्हींचा उपयोग कमी होतो. म्हणून गच्ची धुण्याची वेळ आणि पाणी दुरुस्तीनंतरच्या देखभालीच्या करारात लिहून ठेवा.

ईशान्यवारा

विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी मी या चर्चेवरून मजकूर तयार केला आहे. कृपया तपासावा :

‘(१) पाडकामाच्या संपूर्ण काळात इमारत वरपासून खालपर्यंत झाकलेली राहील आणि फवारणीसाठी पिण्यायोग्य नसलेल्या पाण्याची व्यवस्था विकासक स्वखर्चाने करील; पाणी उपलब्ध नसेल त्या दिवशी पाडकाम होणार नाही. (२) काम सुरू होण्यापूर्वी मूळ पातळीची नोंद घेतली जाईल. पत्र्यांच्या आत दोन संवेदक कायम चालू राहतील आणि त्यांची नोंद संस्थेला खुली असेल. (३) केवळ या बांधकामस्थळावरील त्रुटीमुळे दिलेला काम थांबवण्याचा आदेश अपरिहार्य परिस्थिती मानला जाणार नाही. संपूर्ण विभागाला लागू झालेल्या आदेशाच्या काळात मुदतवाढ मिळेल, परंतु पर्यायी जागेचे भाडे चालू राहील. (४) इमारतीचे बाह्यावरण इको निवास संहितेच्या मर्यादांत असेल. गणनेचा तक्ता बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रापूर्वी संस्थेच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराने तपासलेला असेल.’

दस्तऐवज

मजकूर चांगला आहे. तीन दुरुस्त्या सुचवते. चौथ्या कलमात तक्त्यावर थांबू नका. नकाशे मंजुरीनंतर बदलतात, खिडक्यांचे प्रकार तर हमखास बदलतात. म्हणून ‘भिंतीचे साहित्य, खिडकीचा प्रकार किंवा छज्जा यांत बदल झाल्यास सुधारित तक्ता आणि संस्थेची लेखी संमती आवश्यक’ असे जोडा, आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी प्रत्यक्ष बांधकामाशी तो पडताळण्याची जबाबदारी सल्लागाराच्या नेमणूकपत्रातही घाला. त्याचे शुल्क वाढेल. ते वाढू द्या.

दुसरे, दुसऱ्या कलमात कृतीची पातळी आणि पायऱ्या नाहीत. सूक्ष्मकण यांनी दिलेले आकडे परिशिष्टात टाका.

तिसरे, तक्रारीसाठी बांधकामस्थळावरील एका व्यक्तीचे पद आणि भ्रमणध्वनी प्रवेशद्वारावरील फलकावर लावण्याची अट घाला, आणि बालवाडीला त्याची प्रत द्या. चोवीस तासांत उत्तर आले नाही, तर शेजारी महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर थेट तक्रार करतील आणि त्या तक्रारीला संस्था विरोध करणार नाही, हेही लिहा. अनेक करारनाम्यांत संस्थेने ‘प्रकल्पाला बाधा येईल असे काही करणार नाही’ असे वचन दिलेले असते, आणि शेजाऱ्याच्या रास्त तक्रारीला पाठिंबा देणे हीच त्या वचनाची बाधा ठरवली जाते. सभेआधी ते कलम शोधून त्याला अपवाद जोडून घ्या.